असं का होतं? : ‘मोफत पैजे’चं गणित

खांडबाऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहतानाही मोबाइलवर जाहिरात टपकते : ‘फुटबॉलवर १०० रुपयांची पैज मोफत!’ कंपनीला हे परवडतं कसं?

ब्रिटनमध्ये काही जण अशा कूपनातून बिनजोखमीचे पैसे काढतात. समजा, कूपन एका संघाच्या विजयावर लावलं, भाव पाचपट. संघ जिंकला तर कूपनाचे १०० वगळून ४०० मिळतात. त्याच वेळी २००० साली सुरू झालेल्या ‘बेटफेअर’सारख्या बाजारात ते दुसऱ्या कुणाची त्याच संघावरची ८० रुपयांची पैज त्याच भावाने ‘खातात’, म्हणजे संघ जिंकणार नाही अशी उलटी बाजू घेतात. संघ जिंकला तर इकडे ४०० येतात, तिकडे ३२० जातात. नाही जिंकला तर कूपन वाया, पण खाल्लेले ८० खिशात. निकाल काहीही लागो, उरतात ८०च.

मात्र बाजाराचं कमिशन आणि क्षणाक्षणाला हलणारे भाव हा नफा कुरतडतात. हुशार गिऱ्हाइकांच्या पैजांवर कंपन्या मर्यादा घालतात. बाकीचे कूपन संपल्यावर स्वतःचे पैसे लावत राहतात आणि कंपनीची खरी कमाई तिथेच होते.

भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली आहे. तेव्हा अशी जाहिरात दिसली, तर तिच्यावर बोट टेकवू नका.