गिटवर जायचं, पण का?

चार जण मिळून सॉफ्टवेअर लिहू लागले की कोणती ओळ कोणी, कधी बदलली याची नोंद लागते. दोघांनी एकाच फाइलला हात लावला तर बदल जुळवून घ्यावे लागतात. हे काम व्हर्जन कंट्रोलचं. आज बहुतेक टीम डोळे मिटून गिट घेतात. पायथन भाषेच्या मंडळींनी मात्र ही निवड दोनदा, आणि जाहीर चर्चा करून केली.

आधी ते सबव्हर्जनवर होते. इतिहास एका सर्व्हरवर, कमिट करण्याचा, म्हणजे बदल नोंदवण्याचा, अधिकार मोजक्यांना. बाहेरच्या माणसाने पॅच, म्हणजे बदलांची फाइल, पाठवायचा आणि वाट बघायची. 2008 च्या अखेरीस पायथनच्या मुख्य प्रोग्रामरांपैकी ब्रेट कॅनन यांनी बझार, गिट आणि मर्क्युरियल या तीन प्रणालींची लेखी तुलना सुरू केली. तिन्हींत संपूर्ण इतिहासाची प्रत प्रत्येकाच्या संगणकावर राहते, त्यामुळे परवानगीवाचून कोणीही काम सुरू करू शकतो. बझार हळू पडलं. गिट वेगवान, पण विंडोजवर तेव्हा अडखळणारं, आणि मुख्य प्रोग्रामरांपैकी अनेकांना नकोसं. मर्क्युरियल तर बरंचसं पायथनमध्येच लिहिलेलं! मार्च 2009 मध्ये भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी त्यालाच कौल दिला. प्रत्यक्ष स्थलांतराला 2011 उजाडलं.

माझ्या मते तो निर्णय बरोबरच होता. मर्क्युरियलच्या आज्ञा नवशिक्याला आजही गिटपेक्षा लवकर कळतात. पण पुढच्या काही वर्षांत गिटहबवर, म्हणजे गिटमधला कोड ठेवण्याच्या 2008 मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर, प्रोग्रामरांची रीघ लागली, आणि मदत करू पाहणाऱ्या नव्या माणसाला गिटच येत होतं. अखेर कॅनन यांनीच 1 जानेवारी 2016 रोजी गिटहबची निवड जाहीर केली. फेब्रुवारी 2017 मध्ये कोड तिथे गेला. पुढे मर्क्युरियलवर वर्षानुवर्षं राहिलेल्या मोझिलानेही 2023 मध्ये फायरफॉक्ससाठी तीच वाट धरण्याचं जाहीर केलं.

उलट, एसक्यूलाइट हा डेटाबेस फॉसिल या आपल्याच व्हर्जन कंट्रोलवर खुशाल आहे, कारण त्याची छोटी टीम बाहेरून सहसा कोड घेतच नाही. अवजड चित्रं आणि ध्वनीच्या फाइली सांभाळणारे गेम स्टुडिओ परफोर्स या व्हर्जन कंट्रोलला पैसे मोजतात, तेही रास्तच. तेव्हा वैशिष्ट्यांचे तक्ते भरण्याआधी उद्या कामाला कोण येणार ते ठरवा. अशी खास अडचण नसेल तर गिट घ्या. फक्त एक ध्यानात ठेवा: कोडचा इतिहास प्रत्येकाकडे असतो, पण गिटहबवरच्या तक्रारी आणि चर्चा त्या प्रतीत येत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळा घ्या.