लेकीचा ग्रह, मद्रासचा ग्रह

बसा रे जवळ. आजची गोष्ट एका बापाची, त्याच्या लेकीची आणि आकाशातल्या दोन धोंड्यांची.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो धोंडे सूर्याभोवती फिरतात. त्यांना म्हणायचं लघुग्रह. दुर्बिणीतून पाहिलं तरी ते ताऱ्यासारखे नुसते ठिपके दिसतात. मग ओळखायचे कसे? अख्खी पंगत आपापल्या पानावर बसलेली असताना एकच पाहुणा रोज पान बदलू लागला, तर तो सापडणारच. पण काल कोण कुठं बसलं होतं, ते ठाऊक हवं. आपल्या गोष्टीतले बाप, खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉगसन, यांना ते ठाऊक असे. फोटोंवरून लघुग्रह शोधायचे दिवस अजून यायचे होते. दुर्बिणीत पाहायचं, ताऱ्यांच्या नकाशात पाहायचं, पुन्हा दुर्बिणीत. रात्र रात्र हेच. मला तर एका तासात डुलकी लागली असती!

1856 च्या मे महिन्यात, ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत, त्यांना पहिला लघुग्रह गवसला. तिथले प्रमुख जॉन्सन यांनी त्याचं नाव ठेवलं आयसिस. ही इजिप्तची देवी खरी, पण पॉगसन यांच्या लेकीचंही नाव होतं एलिझाबेथ आयसिस. पोर तेव्हा तीन वर्षांची होती!

1861 च्या फेब्रुवारीत पॉगसन मद्रासच्या वेधशाळेत आले आणि 17 एप्रिलला त्यांना नवा ठिपका दिसला. तोवरचे 66 लघुग्रह युरोप-अमेरिकेतून सापडले होते. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून नाव दिलं एशिया. ग्रीक पुराणात याच नावाची एक अप्सरा आहे, त्यामुळे देवी-अप्सरांची नावं द्यायची तेव्हाची रीतही पाळली गेली. हा धोंडा सुमारे 60 किलोमीटर रुंद आहे आणि पावणेचार वर्षांत सूर्याला एक फेरी घालतो. पुढं मद्रासहून पॉगसन यांनी आणखी चार शोधले.

आणि ती पोर? 1873 पासून ती त्याच वेधशाळेत वडिलांची सहायक झाली. 1886 मध्ये वडिलांनी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत तिचं नाव सुचवलं. ती बाई, म्हणून ते नाकारलं गेलं. आकाशात नाव चालतं, सभासदांच्या यादीत नाही, हा कुठला न्याय? शेवटी 1920 साली, सत्तरीकडे झुकल्यावर, ती त्या संस्थेची सभासद झाली.