माईकशिवायची एक संध्याकाळ

तालुक्याच्या गावीही आता कॅफे निघाले आहेत. तिथे गाण्याची संध्याकाळ ठरली, की पोरं आधी गिटारवाला शोधतात आणि मग स्पीकर भाड्याने आणतात. गिटारशी माझं भांडण नाही. पण वीस-पंचवीस माणसांच्या खोलीत, विजेशिवाय गायचं संगीत बुलढाणा जिल्ह्यात मुबलक आहे. त्याला कॅफेत बोलवायचं तेवढं राहून गेलं आहे.

सुरुवात खंजिरीपासून करावी. लाकडी कडं, एका बाजूने मढवलेलं, कडेच्या खाचांत पितळी चकत्या. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत 1909 साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी या एवढ्याशा वाद्यावर भजन उभं केलं आणि वऱ्हाडात खंजिरी घरोघरी पोचली. शेजारच्या अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज तर एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवत प्रबोधन करतात. पूर्वी खंजिरीवर घोरपडीचं कातडं मढवायचे. घोरपडीला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आता शेळीचं कातडं किंवा फायबर लागतं. कातड्याची खंजिरी पावसाळी हवेत ढिली पडते आणि तिचा आवाज बसतो. म्हणून जाणता वाजवणारा गाण्याआधी तिला दिव्याजवळ धरून शेकतो, बोटाने टिचकी मारून ऐकतो, पुन्हा शेकतो. कॅफेत पहिल्या रांगेत बसणाऱ्याला हे दिसलं पाहिजे. स्टेज उंच आणि लांब असला की ते दिसतच नाही.

मृदंगाचंही तसंच. जुन्या पद्धतीच्या मृदंगाला डाव्या बाजूला वाजवण्याआधी कणीक थापतात. त्या बाजूच्या कातड्याचं वजन वाढतं, कंप मंदावतो आणि घुमारा खाली उतरतो. कणीक सुकू लागली की आवाज बदलतो, मग पाण्याचा हात फिरवायचा. तुणतुण्यात तर तार एकच. पोकळ नळकांड्याच्या तळाशी कातडं, त्यातून निघालेली तार वर दांडीच्या खुंटीला ताणलेली. ती छेडली की स्वरही मिळतो, लयही मिळते. ही सगळी वाद्यं खोलीत शोभतात. संबळ मात्र अंगणाचा. काठीने वाजणारी ती जोडी चार भिंतींत कान किटवेल, तेव्हा संबळावरचा गोंधळ उघड्यावरच ऐकावा.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न इथे पडू नये. शेगावच्या गजानन महाराजांमुळे जिल्ह्यात गुरुवारचं भजन गावोगावी आहे. शेगाव संस्थान भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा आणि संतग्रंथ देत आलं आहे. म्हणजे वाद्यंही गावात आहेत आणि ती हाताळणारे हातही.

माईकने या गाण्याचं नेमकं काय बिघडतं? भजनात एकजण चरण म्हणतो आणि बाकीचे ध्रुपद उचलतात. गाणं त्या उचलण्यावर चालतं. माईक एकाच्या तोंडासमोर ठेवला, की तो एकटा मोठा होतो. मागचे दहा गळे पुसले जातात आणि समोर बसलेले नुसते श्रोते होतात. माईक काढला की ऐकणाराही ओळ धरतो. शिवाय आवाज लांब पोचावा म्हणून बुवा पेटीवर उंच पट्टी घेतात. छोट्या खोलीत तेच बुवा काळी दोनमध्ये निवांत गातील, शब्द स्वच्छ ऐकू येतील, आणि ज्यांचा गळा वर जात नाही त्यांनाही म्हणता येईल.

बायकांचं गाणं यात नसेल तर संध्याकाळ अर्धीच. वऱ्हाडात आणि खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीच्या भुलोबा-भुलाबाईपुढे पोरी टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात. सासर, माहेर, नवऱ्याची थट्टा, दागिन्यांची यादी, सगळं त्यात येतं. एक गाणं संपत नाही तोच दुसरं त्याला जोडलं जातं. शेवटी झाकलेल्या डब्यात खिरापत काय आहे ते ओळखायचं. डबा वाजवून बघायचा, खारं की गोड विचारायचं. आता पुष्कळ घरांत ही गाणी आजीलाच पाठ आहेत. कॅफेतली पहिली संध्याकाळ कोजागिरीच्या आसपास ठेवावी आणि तिथे आजी नि नात दोघींना बसवावं, असं मला मनापासून वाटतं. त्या दिवशी कॉफीऐवजी मसाला दूध दिलं तरी गिऱ्हाईक तक्रार करणार नाही.

तयारी फार नाही. सतरंजी अंथरावी, गाणाऱ्यांना भिंतीकडे पाठ करून बसवावं, म्हणजे आवाज पुढे येतो. गाणं चालू असताना मिक्सर आणि कॉफीचं मशीन बंद ठेवावं. ऑर्डर दोन गाण्यांच्या मध्ये घ्यावी. भजन देवाचं आहे, तेव्हा खाणंपिणं आणि चपला यांबद्दल मंडळाला आधी विचारून घ्यावं. आणि बिदागीचं बोलणं आदल्या दिवशीच करावं. गिटारवाल्याला पैसे देताना आपण दुसऱ्यांदा विचार करत नाही, खंजिरीवाल्याला मात्र नारळ आणि शाल देऊन वाटेला लावतो. तो दिवसभर रानात राबून, एसटीने येऊन गायला बसलेला असतो. त्याचं जाण्यायेण्याचं भाडं वेगळं आणि बिदागी वेगळी, दोन्ही त्याच रात्री हातात पडली पाहिजेत.