मोठ्यांचं औषध, सोळा वर्षांचा रुग्ण

दारूच्या व्यसनावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन औषधांना मान्यता दिली आहे : डायसल्फिराम, नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट. तिन्ही प्रौढांसाठी. अठराच्या आतल्या मुलांसाठी एकही नाही. सोळा वर्षांच्या मुलाला यातलं काही लिहून द्यायचं, तर डॉक्टरांना मोठ्यांवरच्या अनुभवावरून अंदाज बांधावा लागतो.

तो अंदाज चुकू शकतो. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचे सकाळी हात थरथरतात, घोट पोटात गेल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. कोवळ्या वयात सहसा असं नसतं. आठवडाभर मुलगा थेंब घेत नाही आणि शनिवारी मित्रांत बसला की शुद्ध हरपेपर्यंत पितो. डायसल्फिराम घेऊन दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते; पुन्हा पिण्याची धास्ती बसावी, हाच त्याचा उपयोग. पण ज्या वयात धोक्याचा विचार मागे पडतो, त्या वयात धास्तीवर विसंबणं मला पटत नाही. हे औषध न सांगता जेवणात कालवून देणं तर जिवावर बेतू शकतं, मग समोर मुलगा असो की बाप.

नाल्ट्रेक्सोनची रीत वेगळी. दारूने मेंदूत जी सुखाची लहर उठते, ती हे औषध बोथट करतं. ब्राउन विद्यापीठातल्या रॉबर्ट मिरांडा यांच्या गटाने २०१४ मध्ये १५ ते १९ वर्षांच्या २२ मुलामुलींवरची चाचणी प्रसिद्ध केली. प्रत्येकाने काही दिवस औषध घेतलं आणि काही दिवस हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी. औषधाच्या दिवसांत पिण्याची, भरपूर पिण्याचीही शक्यता घटली, तलफ मंदावली. निकाल आशा वाढवणारा, पण मुलं फक्त बावीस आणि दिवस मोजके.

मग गोळीला समुपदेशनाची जोड दिली तर? मोठ्यांच्या बाबतीत उत्तर सरळ आलेलं नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कम्बाइन’ या अमेरिकी चाचणीत १,३८३ जण होते. नियमित वैद्यकीय भेटींच्या जोडीला नाल्ट्रेक्सोन दिलं तरी फायदा झाला, खास समुपदेशन दिलं तरी झाला. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र त्याहून जास्त काही हाती लागलं नाही.

मुलांच्या चाचणीत हा पेच आणखी घट्ट होतो. अडचणीतल्या मुलाच्या हाती नुसती निष्क्रिय गोळी देऊन त्याला घरी पाठवणं योग्य नाही. म्हणून समुपदेशन दोन्ही गटांना द्यावं लागतं. पण चांगल्या समुपदेशनाने दोन्ही गट सुधारतात आणि मग औषधाचा स्वतंत्र गुण दिसेनासा होतो. तो दिसायचा, तर खूप मुलं हवीत. ती मिळवणं कठीण, कारण पालकांची परवानगी लागते, मुलाचा स्वतःचा होकार लागतो, आणि ‘मला व्यसन लागलंय’ असं या वयात फार थोडे जण मानतात.

इथेच बोलण्याचं मोल कळतं. समुपदेशक उपदेश करत नाही. ‘शनिवारी पहिला ग्लास हातात घेण्याआधी काय झालं होतं?’ एवढंच विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. पंधराव्या मिनिटाला मुलगा घरातल्या भांडणाबद्दल बोलू लागतो. तलफ मंद असेल तर या गोष्टी त्याच्या मनात टिकायला जागा मिळते, असा या जोडीमागचा तर्क आहे. तो मला पटतो. पण तर्क पटणं आणि चाचणीत सिद्ध होणं वेगळं.

मग अशा चाचण्यांची घाई का करायची? १९९७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात पंधराच्या आत पिणं सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिकांना आयुष्यात कधी ना कधी दारूचं व्यसन जडलेलं आढळलं. विशीत किंवा नंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. भारतातही २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते १७ वयाची १.३ टक्के मुलं दारू पितात. गोव्यात साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून दारू कमी करवण्याची पद्धत ३७७ जणांवर तपासली गेली आणि उपयोगी ठरली, पण तेही सारे प्रौढ पुरुष.

चाचणी संपली की गोळ्या थांबतात, समुपदेशकाची भेट थांबते. मुलगा पुन्हा त्याच मित्रांत, त्याच शनिवारी बसतो. अशा चाचणीचा निकाल हाती आला, तर मी आधी सहा महिन्यांनंतरची नोंद शोधेन.