पंगत उठताना पाहावं

हल्ली लग्नातली पंगत टेबल-खुर्चीवर बसते. पण गावच्या सप्ताहात, भंडाऱ्यात अजून जमिनीवरच पत्रावळी मांडल्या जातात. तिथे जेवणापेक्षा उठणं बघण्यासारखं असतं. सत्तरीची एखादी आजी मांडी सोडते, पाय आडवा घेते आणि लुगडं सावरत कशालाही हात न लावता उभी राहते. शेजारी बसलेला चाळिशीचा जावई आधी एक तळहात टेकतो, मग गुडघा, मग दुसऱ्याचा खांदा धरतो, आणि वर ‘आई गं’ म्हणतो ते वेगळंच.

ब्राझीलमधले क्लाउडिओ जिल अराउजो या डॉक्टरांनी नेमकी हीच गोष्ट मोजली. 51 ते 80 वयाच्या 2,002 जणांना त्यांनी जमिनीवर बसायला आणि परत उठायला सांगितलं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात, गुडघा जे काही टेकवाल त्याचा एक गुण वजा, तोल डगमगला तर अर्धा. मग साधारण सहा वर्षं या लोकांवर लक्ष ठेवलं. 2012 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, तीन किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांच्या पाचपटीहून अधिक होतं. हात टेकला म्हणून कुणी मरत नाही, हे उघड आहे. पण पायांतली ताकद, कंबरेचा लवचीकपणा, तोल आणि अंगावरची चरबी या सगळ्यांचा हिशेब या एका उठण्यात लागतो.

‘सगळ्या अंगाला होईल असा एकच व्यायाम सांगा’, हा प्रश्न जिममध्ये, डॉक्टरांकडे आणि सकाळी बागेत फिरणाऱ्यांच्या टोळक्यात रोज विचारला जातो. त्याचं उत्तर शोधताना स्नायूंची नावं फारशी कामाची नाहीत. शरीराला कामं कळतात. खाली बसून उठणं, ढकलणं, ओढणं, जमिनीवरचं ओझं उचलणं आणि ते घेऊन चालणं, ही त्यातली मुख्य पाच. ती करताना दम पुरला पाहिजे, ही सहावी अट. आरशासमोर उभं राहून दंडाची बेटकुळी फुगवणारा व्यायाम यातलं जेमतेम अर्धं काम करतो. एका फटक्यात तीन-चार कामं उरकणारा व्यायाम सर्वांगाचा म्हणायचा.

सध्या या मानाचा मानकरी ‘बर्पी’ समजला जातो. खाली उकिडवं बसायचं, हात टेकायचे, पाय मागे फेकायचे, परत आत घ्यायचे आणि उभं राहायचं. न्यूयॉर्कच्या रॉयल बर्पी यांनी 1930च्या दशकात कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधनासाठी तो बसवला, तेव्हा तो व्यायाम नव्हताच. ती चाचणी होती. फक्त चार वेळा करायचा आणि आधीची व नंतरची नाडी मोजायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने तो उचलला, पुढे त्यात जोर आणि उडी शिरली, आणि आता जिममधली मुलं तोंडाला फेस येईपर्यंत तो करतात. चार वेळांची चाचणी शंभराची शिक्षा कशी झाली, हे बर्पीसाहेबांनाही कोडंच वाटलं असतं. दमलेला माणूस कंबर खाली सोडतो, मनगटावर आपटतो. बर्पीत दुखापतीचा धोका असतो तो तिथे.

महाराष्ट्राला याच जातीचा, पण कितीतरी सभ्य व्यायाम फार आधीपासून माहीत आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि ग्रंथप्रेमी. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या युरोपातल्या पैलवानाच्या पद्धतीने व्यायाम केला. ज्याच्या नावाची बनियन आजही आपल्याकडे दोरीवर वाळत असते, तोच हा सँडो. नंतर भवानराव सूर्यनमस्कारांकडे वळले ते कायमचे. स्वतः रोज घालत, घरच्यांना घालायला लावत, आणि संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी ते सक्तीचे केले. 1938 साली त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं, त्यातला क्रम दहा अंकांचा होता. आज बहुतेक ठिकाणी बारा शिकवले जातात.

एक नमस्कार सावकाश घालून पाहिला की त्याची रचना कळते. पुढे वाकताना मांड्यांचा मागचा भाग ताणला जातो. एक पाय मागे जातो तेव्हा पुढच्या गुडघ्यावर आणि खुब्यावर भार येतो. दोन्ही पाय मागे गेले की शरीराची फळी होते, पोट आत ओढलं जातं. साष्टांगात उतरताना छाती आणि दंड वजन तोलतात, भुजंगासनात पाठ कामाला लागते. हे सगळं श्वासाच्या तालावर, दोन हात जागेत, फुकटात. रथसप्तमीला शाळांच्या मैदानांवर एकशे आठचा संकल्प सोडला जातो, तेव्हा विसाव्या नमस्कारानंतर मुलांचे चेहरे सांगतात की याने दमही लागतो.

तरीही सूर्यनमस्कार हा ‘परिपूर्ण’ व्यायाम आहे, हे म्हणणं भाबडं आहे. त्यात ओढणं नाही. पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत हात काही ढकलतात किंवा टेकतात. कुठलीही गोष्ट स्वतःकडे खेचत नाहीत. शिवाय वजन आपल्या शरीराचंच, त्यामुळे सहा महिन्यांत शरीर सरावतं आणि ताकद वाढायची थांबते.

जुन्या तालमींना ही उणीव ठाऊक होती असं वाटतं. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती बहरली, आणि मोतीबाग, गंगावेश अशा तालमी आजही पहाटे जाग्या होतात. तिथला पठ्ठा जोर मारतो तेव्हा आधी कंबर उंच असते. मग डोकं, छाती, पोट अशी सगळी लाट जमिनीलगत सरकत दोन हातांमधून पुढे निघते आणि मान वर येते. साध्या पुशअपपेक्षा यात खांदा आणि पाठ जास्त फिरते. मग बैठका, टाचा उचलून, चवड्यांवर, हात झुलवत. पण तालीम इथेच थांबत नाही. ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेली लाल माती फावड्याने उकरून काढायची असते. हे काम वस्ताद नव्या पोरांना देतात ते काही गडीमाणूस परवडत नाही म्हणून नव्हे. फावडं मारण्यात उचलणं आहे, ओढणं आहे आणि कंबरेचा पीळ आहे. मग दोर चढायचा, मल्लखांबाला भिडायचं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला असं मानतात. लाकडी खांबाला मिठी मारून स्वतःचं वजन वर खेचणं, यापेक्षा चांगलं ‘ओढणं’ सापडणं कठीण.

लेझमीचंही तसंच. आज मिरवणुकीत छुमछुम वाजते ती हलकी लेझीम. मूळची लेझीम म्हणजे दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेलं धनुष्य. ते ताणताना पाठीचे आणि खांद्याचे स्नायू कसाला लागत.

बायकांना तालमीचं दार बंद होतं, पण मंगळागौर होती. खेळ म्हणून तिच्याकडे पाहिलं जातं, व्यायाम म्हणून कुणी पाहत नाही. फुगडीत दोघी पाय जुळवून मागे रेलतात आणि एकमेकींचं सगळं वजन फक्त हातांच्या पकडीवर तोलतात. हे ओढणंच आहे, तेही गरगर फिरत. बसफुगडी तर उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकत उड्या मारण्याची. आजच्या जिममधल्या कितीतरी पठ्ठ्यांना ती दहाच्या वर जमणार नाही. रात्रभर हे खेळ जागवणाऱ्या सुनांना कार्डिओ हा शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं.

पकडीचा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही. भारतासह 17 देशांतल्या सुमारे 1,40,000 लोकांच्या हाताची पकड मोजणारा अभ्यास 2015 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मृत्यूच्या जोखमीचा अंदाज रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा पकडीवरून अधिक चांगला बांधता येतो, असं त्यात दिसलं. कारण पकड ही एकट्या मुठीची नसते, अंगातल्या एकूण स्नायूंची ती खूण असते.

शहरातल्या घरात मल्लखांब रोवता येत नाही आणि फावडं मारायला माती नाही. त्यातच कमोड आला आणि दिवसातली हक्काची एक बैठकही गेली. पण मार्ग अवघड नाहीत. बहुतेक बागांमध्ये आडवा बार असतो. वर खेचता येत नसेल तर दहा सेकंद नुसतं लोंबकळावं, आठवड्याला पाच सेकंद वाढवावेत. बैठक मारताना टाचा जमिनीवर ठेवाव्यात. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीच्या काठावर टेकून, हातांचा आधार न घेता उठावं. जोर जमत नसेल तर ओट्याला हात टेकून तिरका मारावा. वजन उचलायला वीस लिटरचा पाण्याचा जार अर्धा भरून घेतला तरी चालतो: पाठ सरळ, वाकणं खुब्यातून, जार अंगाजवळ. पाठीची कमान करून झटक्यात उचलणाऱ्याची कंबर धरते ती अशाच वेळी.

किती करायचं, याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची 2020ची शिफारस स्पष्ट आहे. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाचा किंवा 75 ते 150 मिनिटं जोमाचा व्यायाम, आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम. आपल्याकडे पहिला भाग चालण्याने थोडाफार भरतो. दुसरा जवळपास सगळेच विसरतात. बागेत रोज सहा फेऱ्या मारणारे आजोबा स्टुलावर चढताना चाचरतात ते त्यामुळे. मध्यम दम म्हणजे काय, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग बरोबर.

‘आता या वयात कसली ताकद’ म्हणणाऱ्यांसाठी 1990 सालचा बॉस्टनचा एक छोटा प्रयोग सांगण्याजोगा आहे. मारिया फियाटरोन या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. त्यांचं सरासरी वय होतं 90. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली.

म्हणून चाळिशीच्या आतल्या, धडधाकट माणसाने फार शोधाशोध करू नये. आठवड्यातून तीन दिवस बारा नमस्कार, वीस बैठका आणि बारला लोंबकळणं एवढं पुरे. ते सोपं वाटू लागलं की आकडा वाढवण्याऐवजी वजन वाढवावं. साठीनंतर क्रम उलटा: आधी खुर्चीवरून उठणं आणि चालणं, मग बाकीचं. रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, आणि कुठल्याही वयात जोर लावताना श्वास कोंडू नये.

उरलं ओझं घेऊन चालणं. त्याला जिमची फी नाही आणि वेगळा वेळही नाही. भाजी घेऊन येताना दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घ्या, खांदे पाडू नका आणि रिक्षाला हात करू नका.