पावसाळ्यांतील प्रकृति : आहार, विश्रांति व औषध यांचा मेळ

मृग लागला कीं शेतकरी बियाणें, खत व औजारें यांची तजवीज पाहतो. घरांतील माणसांच्या प्रकृतीची तजवीज मात्र कोणी अंथरुणास खिळल्यावर होते. आहार, श्रम, निद्रा, पाणी व औषध हीं निरनिराळीं प्रकरणें न समजतां एकत्र पाहावीं, असें आजकाल पुष्कळ जाणते सांगतात. आम्हांस यांत नवल वाटत नाहीं. गांव नमुना सातावरून जमीन कोणाची तें कळतें, बारावरून पीक कोणतें तें कळतें. दोन्ही पाहिल्याखेरीज शेताची खरी स्थिति उमगत नाहीं. शरीराचेंहि तसेंच आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत ऋतुचर्येवर स्वतंत्र अध्याय आहे. वर्षा ऋतूंत जठराग्नि मंद होतो, म्हणून जुनें धान्य खावें, विहिरीचें किंवा उकळलेलें पाणी प्यावें, आणि नदीचें पाणी, दिवसाची झोंप, श्रम व ऊन हीं वर्ज्य करावीं, असें त्यांत सांगितलें आहे. बाकीचें ठीक, पण श्रम वर्ज्य करणें भातशेतीवाल्यास कसें साधावें? लावणीचे दिवस नेमके तेच. तेव्हां श्रम चुकत नसतील तर त्यांचे खंड पाडावे, जेवण ताजें व गरम असावें, रात्रीं लौकर निजावें. पाण्याविषयीं आजच्या ज्ञानानें ग्रंथाहून थोडें पुढें जावें लागतें. शौचखड्डा जवळ असलेल्या विहिरीचें पाणीहि पावसाळ्यांत निर्धोक नसतें. तें खळखळून उकळावें.

इतकें करूनहि जुलाब लागलेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ मिसळून तें थोडें थोडें पाजावें. १९७१ सालीं बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ, खाण्याचा सोडा व पाणी यांच्या मिश्रणानें असंख्य पटकीच्या रोग्यांचे प्राण वांचविले. आपल्या घरांतील मीठ घातलेली भाताची पेज त्याच जातीची आहे. ती आजारी मुलास बंद करणाऱ्या आया पाहिल्या म्हणजे वाईट वाटतें. मात्र मूल पाणी पीत नसेल, ग्लानींत असेल किंवा शौचांत रक्त पडत असेल, तर घरीं थांबूं नये.

मेळाची खरी कसोटी तापांत लागते. उंदराच्या मुत्रांतील जंतु शेताच्या चिखलांत राहतात व पायांच्या भेगांतून आणि जखमांतून शरीरांत शिरतात. यास लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. कोंकणपट्टीस तो परिचित आहे. एकाएकीं ताप, डोकेदुखी, पोटऱ्या फार दुखणें, डोळे लाल होणें, हीं त्याचीं चिन्हें. तुळशी-सुंठीचा काढा घेऊन बरें वाटेल म्हणून चार-पांच दिवस काढले जातात, आणि तेवढ्यांत मूत्रपिंड व यकृत यांस इजा पोहोंचते. काढा घेण्यास आमची हरकत नाहीं, पण तो दवाखान्यास जाण्याच्या वाटेवर घ्यावा. चिखलांत काम करीत होतों, हें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. प्रतिजैविक औषध लौकर मिळालें तर रोग बहुधा आटोक्यांत येतो. पायांस जखम असतां गमबूट घालणें किंवा त्या दिवशीं चिखलांत न उतरणें हें सर्वांत स्वस्त.

आणखी एक गोष्ट. सांधेदुखीवर बाजारांत मिळणाऱ्या बिननांवाच्या कांहीं पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें आढळलें आहे. दोन दिवसांत गुण येतो, म्हणून त्या वनस्पतीच्याच असें लोक मानतात. पुढें तोंडावर सूज येते, रक्तांतील साखर वाढते, हाडें ठिसूळ होतात. त्या दीर्घकाळ घेतल्यावर एकदम सोडणेंहि धोक्याचें असतें. म्हणून वैद्याकडील, डॉक्टरकडील व बाजारांतील सगळीं औषधें एका पिशवींत घालून ती पिशवीच तपासणीच्या वेळीं टेबलावर ठेवावी. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून स्वतः बंद करूं नयेत. कमी करावयाच्या असल्यास ज्यांनीं दिल्या त्यांसच विचारावें.