इंजिनाला ठिणगी येत नाही?

तूर फुलोऱ्यात आहे, ओढ्याला थोडं पाणी आहे आणि पेट्रोल-रॉकेलचं जुनं इंजिन दोरी ओढून हात दुखले तरी उठत नाही. मग चौसाळ्याहून टेम्पोत घालून ते बीडला न्यायचं आणि कॉइल बदलायची, हा पहिला विचार. जरा थांबा.

पेट्रोलची तोटी बंद करून प्लग काढा. ओला, काळा असेल तर साफ करा. टोपीत बसवून त्याचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवा. पण प्लगच्या भोकापासून लांब, तिथल्या वाफेने भडका उडतो. सावलीत दोरी ओढा. निळी ठिणगी पडली तर दोष इंधनात शोधा. नाही पडली तर दुसरा प्लग लावून बघा. मग इंजिन बंद करायच्या बटणाची वायर सोडून बघा. ती घासून पत्र्याला लागली की ठिणगी मरते.

खरी गोम बहुधा फ्लायव्हीलखालच्या पॉइंटात असते. पावसाळाभर इंजिन पडून राहिलं की त्यावर गंज धरतो. बारीक पॉलिश पेपर फिरवा, कोरड्या फडक्याने पुसा, तेलकट बोट लावू नका. पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.४ मिलिमीटर हवी; पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. फ्लायव्हील हातोड्याने ठोकू नका, पुलरने काढा. (नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांना पॉइंट नसतात.)

तरीही ठिणगी नाही, तर आधी कंडेन्सर बदला. कॉइल सर्वांत शेवटी.